उन्हातून आलं की ओठावर फोड उठतात? यूव्ही, त्वचा आणि व्हायरसचं नेमकं काय चालतं आणि आपण काय करायचं

आधी एक शंका काढून टाकते, कारण ती डोक्यात राहिली की पुढचं काहीच पटत नाही. ऊन जंतू मारतं, म्हणून तर आपण गाद्या उन्हात टाकतो, मग तेच ऊन अंगावर घेतलं की व्हायरसचा त्रास वाढतो हे कसं काय? तर दोन्ही खरं आहे. गादीला प्रतिकारशक्ती नसते, एवढाच फरक. गादीवरच्या जंतूवर यूव्ही (उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण) पडलं, त्याचा डीएनए मोडला, विषय संपला. आपल्या अंगावर पडतं तेव्हा ते आपल्या पेशींचाही डीएनए मोडतं आणि वर त्वचेतला जो बंदोबस्त आहे तो काही दिवस ढिला पाडतं. आणि ज्या व्हायरसचा त्रास होतो तो बहुतेक वेळा त्वचेवर नसतोच, आधीच आत कुठेतरी नसेत (रक्ताच्या नाही, संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूत) दबा धरून बसलेला असतो, तिथे ऊन पोचतच नाही. म्हणजे मार आपल्याला, आणि तो मजेत.

मला हे कळायला बरीच वर्षं लागली. कुठेही मोकळ्यावर दोन-तीन दिवस भटकून आलं की ओठाच्या कडेला चुरचुर आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बारीक फोडांचा घोस, ठरलेलं. मी आपली उष्णतेला दोष देत राहिले, सगळेच म्हणतात ना उष्णता झाली म्हणून. मग एकदा बर्फात गेले, थंडीने दात वाजत होते, उष्णतेचा प्रश्नच नाही, आणि घरी येईपर्यंत आजवरचा सगळ्यात मोठा फोड. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की गरम लागणं आणि यूव्ही लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाची ऊब आपल्याला जाणवते, यूव्ही जाणवतच नाही. ताजा बर्फ तर ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत वर फेकतो, म्हणजे टोपी घालून सुद्धा खालून ओठांवर मारा चालूच. शिवाय दर १००० मीटर वर चढलं की यूव्ही साधारण १० ते १२ टक्के वाढतं. थंड, उंच, पांढरं, म्हणजे ओठांसाठी सगळ्यात वाईट जागा, आणि मी तिथे व्हॅसलीन लावून फिरत होते.

त्वचेत होतं काय

हा भाग थोडा लांब आहे पण वाचा, कारण एकदा हे कळलं की पुढच्या टिप्स पाठ कराव्या लागत नाहीत.

त्वचेच्या वरच्या थरात लांगरहान्स पेशी असतात. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला त्या सापडल्या, आणि त्यांना फांद्या फुटलेल्या दिसल्या म्हणून त्याला वाटलं या नसांच्या पेशी आहेत. त्या निघाल्या खबऱ्या. व्हायरसचा तुकडा पकडायचा, जवळच्या लसीकाग्रंथीत न्यायचा आणि टी पेशींना (रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवायचा, बघा बाबांनो हा आलाय, हे त्यांचं काम. यूव्हीबी (यूव्हीतला मुख्यतः त्वचा भाजणारा भाग) पडलं की यांची संख्या त्या जागी कमी होते, काही मरतात, काही जागा सोडून जातात, आणि ज्या उरतात त्या खबर नीट पोचवत नाहीत. परत पूर्वीसारखं व्हायला आठवडाभर, कधी जास्तही लागतो.

दुसरी भानगड युरोकॅनिक ॲसिडची. हे त्वचेच्या अगदी वरच्या मेलेल्या थरात असतं आणि यूव्ही शोषतं, म्हणून पूर्वी समजूत होती की हे आपलं नैसर्गिक सनस्क्रीन आहे. मग १९८३ मध्ये डी फाबो आणि नूनन या दोघा संशोधकांनी मांडलं की यूव्ही शोषल्यावर त्याचा आकार बदलतो, ‘ट्रान्स’ नावाच्या रूपाचं ‘सिस’ नावाचं रूप होतं, आणि हे सिस रूप प्रतिकारशक्तीला गप्प करायचा सिग्नल देतं. ज्याला छत्री समजत होतो तो निघाला फितूर.

तिसरं म्हणजे पेशींच्या डीएनएला झालेली इजा. तिच्यामुळे त्वचेतल्या पेशी आयएल-१० सारखी रसायनं सोडतात, आणि ती ‘शांत व्हा’ असाच निरोप देतात. गंमत म्हणजे हा निरोप फक्त भाजलेल्या जागेपुरता राहत नाही, डोस जास्त असेल तर बाकीच्या शरीरात पण थोडाफार जातो. संशोधक मार्गारेट क्रिप्के यांनी १९७० च्या दशकात उंदरांवर हे दाखवलं: यूव्हीने झालेली गाठ साध्या उंदरात टोचली तर त्याचं शरीर ती नाकारतं, पण आधी काही काळ यूव्हीखाली ठेवलेल्या उंदरात तीच गाठ वाढते. प्रयोग कॅन्सरचा होता, पण प्रतिकारशक्ती ढिली पडते हा मुद्दा तिथूनच पक्का झाला.

आता शरीर असा आत्मघात का करेल? मला पटलेलं उत्तर असं की हा ब्रेक आहे. उन्हाने रोजच त्वचेत मोडतोड होणार, प्रत्येक मोडक्या पेशीवर आपलंच सैन्य तुटून पडलं तर त्वचा कायम सुजलेली राहील. काही लोकांमध्ये हा ब्रेक नीट लागत नाही, त्यांना उन्हात गेलं की खाजरं पुरळ उठतं, पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन म्हणतात त्याला. तेव्हा ब्रेक वाईट नाही, पण तो लागलेला असताना दबा धरून बसलेल्याला आयती संधी मिळते.

आणि या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ही लक्षात ठेवाच: ब्रेक लागायला त्वचा लाल व्हावी लागत नाही. सनबर्न व्हायला जेवढं ऊन लागतं त्यापेक्षा कमी डोसमध्येही हे सुरू होतं. त्यामुळे ‘मला कुठे भाजलंय’ हा हिशोब चालत नाही. गडद त्वचेचंही तेच, मेलॅनिनमुळे (त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्यामुळे) लाली आणि सनबर्न कमी होतो हे खरं, पण म्हणून प्रतिकारशक्तीवर परिणाम होतच नाही असं नाही.

कुठल्या व्हायरसला हे लागू पडतं

पहिला नंबर हर्पिस सिम्प्लेक्स १ चा. नाव ऐकून दचकू नका, डब्ल्यूएचओच्या अंदाजाने ५० वर्षांखालच्या साधारण ३८० कोटी लोकांच्या अंगात हा आहे, बहुतेकांना लहानपणी कोणाच्या तरी पापीतून मिळालेला, आणि कित्येकांना आयुष्यभर पत्ताच लागत नाही. एकदा शिरला की चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी, कानाच्या थोडं पुढे कवटीच्या आत नसेच्या पेशींचा एक पुंजका असतो तिथे जाऊन झोपतो. ओठावर यूव्ही पडलं, तिथल्या पेशी दुखावल्या, नसेची टोकं चिडली की हा उठतो, नसेतूनच खाली उतरतो, आणि खाली येतो तर बंदोबस्त ढिला. फोड लगेच त्याच दुपारी येत नाही, बहुतेक वेळा दोन-चार दिवसांनी येतो, म्हणून आपल्या लक्षात येत नाही की हे शनिवारच्या उन्हाचं बिल आहे.

यावर एक फार सुंदर प्रयोग झालाय. १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. वारंवार फोड येणारे ३८ लोक घेतले, त्यांच्या ओठांवर मुद्दाम यूव्ही सोडलं, एकदा नुसतं साधं मलम लावून आणि एकदा सनस्क्रीन लावून. साध्या मलमाच्या वेळी २७ जणांना फोड आले. सनस्क्रीनच्या वेळी एकालाही नाही. एवढा सरळ निकाल क्वचित बघायला मिळतो. मी त्या दिवशी व्हॅसलीनचा नाद सोडला.

(ओठाच्या बाहेरच्या कडेला घोळक्याने येणारे फोड वेगळे आणि ‘तोंड आलंय’ म्हणतो ते आतल्या बाजूचे पांढरे व्रण वेगळे. त्या आतल्या व्रणांचा हर्पिसशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो, तिथे सनस्क्रीनचा उपयोग शून्य.)

दुसरा कांजण्यांचा व्हायरस. ज्यांना सनबर्न झालेला असताना कांजण्या आल्या त्यांच्या भाजलेल्या भागावर फोड जास्त दाट उठले, अशा केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. कधीकधी तर कपड्याची कड जिथे संपते तिथे फोडांची गर्दी सुरू. हाच व्हायरस पुढे नसेत बसून राहतो आणि वय झाल्यावर नागीण म्हणून परत येतो. पण नागिणीचं मोठं कारण वय आणि एकूण प्रतिकारशक्ती, तिथे भरवसा लसीवर ठेवायचा, टोपीवर नाही.

तिसरा एचपीव्ही, म्हणजे चामखीळवाला. धडधाकट माणसाला उन्हामुळे चामखीळ येते असं सरसकट म्हणू नये. पण किडनी वगैरे ट्रान्सप्लांट झालेले, जे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायम घेतात, त्यांना चामखिळी भरपूर येतात आणि ऊन लागणाऱ्या जागी विशेष. त्यांच्यात त्याच जागी त्वचेच्या कॅन्सरचा धोकाही खूप वाढलेला असतो. अशा लोकांनी उन्हाची काळजी औषधाच्या गोळीइतकीच सिरियसली घ्यायची.

आता करायचं काय

सुरुवात वेळेपासून. फोनमधल्या हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स असतो, तापमान बघता तसा तोही बघायची सवय लावा. ३ किंवा वर असेल तर संरक्षण हवं, ८ च्या वर असेल तर दुपारची कामं पुढे ढकलता येतात का बघा. फोन नसेल तर सावली बघा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर यूव्ही जोरात आहे. मला हा नियम फार आवडतो, बॅटरी लागत नाही. ढगांवर मात्र विश्वास ठेवू नका, पातळ ढगांतून बरंचसं यूव्ही आरपार येतं आणि गार वाटतं म्हणून आपण अजून दोन तास जास्त बसतो.

मग ओठ. ओठांवरचा वरचा थर पातळ, त्यात मेलॅनिन कमी, आणि खालचा ओठ तर जरा पुढे येऊन आकाशाकडे तोंड करून बसलेला. त्यामुळे एसपीएफ (भाजण्यापासून किती वाचवतो तो आकडा) ३० किंवा जास्त असलेला, ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे यूव्हीबीसोबत यूव्हीए हा यूव्हीचा दुसरा प्रकारही अडवणारा, असं लिहिलेला लिप बाम घ्या. नुसता चकचकीत ग्लॉस म्हणजे संरक्षण नव्हे. बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी जाडसर लावा, ओठाच्या रेषेबाहेर पण थोडा न्या कारण फोड बरोबर त्या कडेवरच येतो, आणि मग परत परत लावा. बाटलीवर दर दोन तासांनी लिहिलेलं असतं पण ओठांच्या बाबतीत पाणी प्यायलात, खाल्लंत, जीभ फिरवलीत की तो गेलाच समजा. मी बाम बॅगेत ठेवायचे तेव्हा लावायचा राहायचा, आता खिशात ठेवते, हात आपोआप जातो.

चेहऱ्याच्या सनस्क्रीनमध्ये सगळ्यात मोठी चूक म्हणजे हात आखडता घेणं. बाटलीवरचा एसपीएफ प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो, म्हणजे चेहरा-मान मिळून साधारण एक टीस्पून, आपण त्याच्या निम्मं पण लावत नाही. शिवाय एसपीएफ हा आकडा लालीवर मोजतात, म्हणजे मुख्यतः यूव्हीबीचा हिशोब, आणि वर सांगितलंय की लाली यायच्या आधीच प्रतिकारशक्ती ढिली पडायला लागते. जमिनीवर पोचणाऱ्या यूव्हीत साधारण ९५ टक्के यूव्हीए असतं, ते जास्त खोल जातं आणि तेही यात सामील आहे. म्हणून ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द ५० की ७० या आकड्याच्या भांडणापेक्षा महत्त्वाचे. एसपीएफ ३० नीट लावलं तर यूव्हीबी साधारण ९७ टक्के अडतं, ५० ने ९८. फरक एका टक्क्याचा, आणि निम्मंच लावलं तर दोन्ही वाया. आणि खिडकीची काच यूव्हीबी अडवते पण यूव्हीए बरंच आत सोडते, रोज तास-दोन तास गाडी चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

कापड मात्र क्रीमपेक्षा भरवशाचं, ते घामाने वाहून जात नाही. दाट विणीचं, गडद रंगाचं, सैल. पातळ पांढरं कॉटन ओलं झालं की त्यातून यूव्ही जास्त आत येतं. टोपी चहूबाजूंनी कड असलेली घ्या, नुसत्या पुढच्या झापेने कान आणि मान उघडीच राहते आणि ओठांवर पण सावली नीट पडत नाही. बर्फावर, वाळूवर, पाण्यावर असाल तर खालून येणाऱ्या किरणांसाठी टोपीचा काही उपयोग नाही, तिथे बाम आणि तोंडावर गुंडाळलेलं कापड.

ट्रिपच्या आधी टॅनिंग करून ‘बेस’ बनवायचा, म्हणजे मग भाजत नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. टॅन हीच मुळात इजा झाल्याची खूण, त्यातून संरक्षण नगण्य मिळतं आणि ब्रेक मात्र ट्रिपच्या आधीच लागतो. तसंच घरात जंतू मारायला यूव्हीसीचे दिवे मिळतात, ते अंगावर फिरवायचे नाहीत, फोडावर तर नाहीच नाही, त्वचा आणि डोळे दोन्ही भाजतात. मग सोरायसिसला दवाखान्यात यूव्ही देतात ते कसं? ते ३११ नॅनोमीटरच्या आसपासचं, मोजून-मापून, आणि तिथे प्रतिकारशक्ती दाबणं हाच तर हेतू असतो. पण तुम्हाला फोडांचा त्रास असेल तर पहिल्या सिटिंगच्या आधी डॉक्टरांना सांगा, ते ओठ झाकून घेतात.

औषधांकडेही एकदा नजर टाका. डॉक्सिसायक्लिन, ब्लड प्रेशरसाठीचं हायड्रोक्लोरोथायझाइड, अशा काही औषधांनी त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, फक्त डॉक्टरांना विचारायचं आणि ऊन टाळायचं.

व्हिटॅमिन डीची काळजी करणाऱ्यांना एवढंच सांगेन की त्यासाठी ओठ भाजायची गरज नसते, हात-पाय आहेत की. आणि थोडक्या वेळाचं रोजचं ऊन वेगळं, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घेतलेलं ऊन वेगळं.

चुरचुर सुरू झालीच तर

इथे घड्याळ चालू झालं. फोड दिसायच्या आधी काही तास ते एखादा दिवस त्या जागी मुंग्या, खाज, ताणल्यासारखं होतं, ज्यांना वारंवार होतं ते लगेच ओळखतात. व्हायरसचं औषध तेव्हाच घेतलं तर उपयोग, फोड फुटून खपली धरल्यावर घेऊन फारसा फायदा नाही. असायक्लोव्हिरचं क्रीम दिवसातून ५ वेळा लावतात (हे औषध ज्यांच्या टीममध्ये तयार झालं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं), गोळ्या जास्त चांगलं काम करतात पण त्या डॉक्टरांना विचारून. ज्यांना प्रत्येक ट्रिपला होतंच त्यांनी आधीच जाऊन विचारावं, काही जणांना डॉक्टर ट्रिपच्या आदल्या दिवसापासून गोळी सुरू करून देतात. मी निदान प्रिस्क्रिप्शन आधी आणून गोळ्या पाकिटात ठेवते, कारण फोड नेमका तिथेच येतो जिथे आसपास मेडिकल नसतं.

घरातली खाजेची जी मिळेल ती ट्यूब फोडावर चोळू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, म्हणजे उन्हाने आधीच ढिला केलेला बंदोबस्त तुम्ही अजून ढिला करताय. टूथपेस्ट, चुना वगैरे पण नको. फोडू नका, हात लावलात तर धुवा, त्याच हाताने डोळा चोळू नका किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका. खपली पडेपर्यंत लहान बाळाची पापी अजिबात नाही, महिन्या-दीड महिन्याच्या बाळाला हा व्हायरस लागला तर जिवावर बेतू शकतं.

साधारण ७ ते १० दिवसांत आपोआप बरं होतं. पण डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, किंवा फोड डोळ्याजवळ आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, कारण कॉर्नियावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर, डाग राहू शकतो. ज्यांना एक्झिमा आहे आणि फोड अंगभर पसरत चाललेत, ताप आहे, त्यांनीही थांबू नये. दोन आठवडे होऊनही जखम भरत नसेल, विशेषतः खालच्या ओठावर आणि पन्नाशीनंतर, तर ती हर्पिस आहे असं गृहीत धरू नका, तपासून घ्या, उन्हाने ओठाला इतरही गोष्टी होतात.

आणि हो, त्या आठवड्यात वापरलेला लिप बाम मी टाकून देते. स्वतःला परत लागण होईल म्हणून नाही, व्हायरस तर आधीच माझ्या नसेत मुक्कामाला आहे, पण घरातलं दुसरं कोणीतरी तो उचलून बिनधास्त लावतं म्हणून.